इंजिनाचं गरम पाणी

टेंभुर्णीच्या गिरणीवर पुंजाराम नावाचा इंजिनवाला होता. वाया गेलेलं काही त्याला बघवत नसे. ताटात मीठ उरलं तर बोटाने टिपून जिभेवर ठेवी, आणि वाटेत पडलेला खिळा खिशात घातल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. त्याची बायको केशरबाई म्हणे, या माणसाला एक दिवस त्याचे खिसेच खाली ओढतील.

बौद्ध वस्तीतला हा गडी तरुणपणी जालन्याला गेला आणि मस्तगडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली इंजिनं खोलायला शिकला. मिस्त्रीने त्याला पाने-हातोड्यांबरोबर एक वाक्यही दिलं होतं. "तेल जलता, पन खतम नई होता. किधर ना किधर निकलता. किधर निकलता, वो देखना." पुंजाराम ते आयुष्यभर बघत राहिला.

आबारावांची ती गिरणी आठ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर चाले. पुंजारामने हँडल मारलं की तेल पेटे, चाक फिरे, चाकावरचा पट्टा दगडाला फिरवी आणि ज्वारीचं पीठ होई. एवढं गावाला दिसे. पुंजारामला उरलेलं दिसे. तेलाचा थोडा भाग पुक-पुक आवाज होऊन तीन शेतं ओलांडून जाई, थोडा धूर होऊन वर जाई, थोडा दगडात शिरून पिठालाच चटका देई. आणि फार मोठा वाटा पाण्यात उतरे. टाकीतलं गार पाणी इंजिनाच्या पोटातून खेळे, इंजिनाला थंड ठेवी, स्वतः आंघोळीजोगतं तापे, आणि नळीतून मागच्या चरात वाहून जाई. थंडीत गावची कुत्री त्या चराच्या काठी येऊन झोपत. ऊब कुठे आहे हे कुत्र्यांना कळलं होतं, माणसांना नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालची थंडी मोठी वाईट होती. बहात्तरच्या दुष्काळात झाडं तुटली होती, जनावरं गेली होती. त्यामुळे सरपणही नाही आणि गोवऱ्याही नाहीत. केशरबाई पहाटे गार पाणी अंगावर घेऊन कापूस वेचायला जाई, आणि बोटांच्या भेगांतून रक्त निघे. एकदा ती बोटं पाहून पुंजाराम न जेवताच उठला. दुसऱ्या दिवशी त्याने चराकडे जाणाऱ्या नळीला फाटा काढून तोटी बसवली आणि एक नियम केला. टाकी भरायला त्याला लांबून कावडीने पाणी आणावं लागे. म्हणून ज्या बाईला गरम घागर हवी, तिने आधी एक गार घागर टाकीत ओतायची.

पंधरा दिवसांत गिरणीपुढे डब्यांच्या रांगेशेजारी घागरींची रांग लागू लागली. ज्या बाईचा डबा आधी, तिची घागर आधी. मग ती कुठल्या का आळीची असेना. शिवाशिवीविरुद्ध कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी गावाच्या आडावर जे घडलं नव्हतं, ते इथे कोणी न ठरवता घडलं होतं. पुंजारामच्या ते ध्यानात आलं होतं. सकाळी हँडल मारताना त्याला आत कुठेतरी फार बरं वाटे. ही रांग मोडू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

मालक आबारावांच्या मातोश्री द्वारकाबाई यांचे गुडघे धरलेले. गरम पाण्याने त्यांना उतार पडला होता, आणि धाकटी सून दुर्गाबाई त्यांची घागर रोज नेत असे. एका सकाळी मात्र म्हातारी स्वतःच आली. पुढे केशरबाई आपली घागर टाकीत रिकामी करत होती. द्वारकाबाई बघत राहिल्या, आणि आपण पंधरा दिवस कुणाच्या पाण्याने अंग धुतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. त्या तशाच माघारी फिरल्या.

संध्याकाळी आबाराव आले. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे त्यांची जीभ टाळूला चिकटे. टाक्या दोन कर, म्हणाले, एक आमची, एक तुमची.

"मालक, इंजन एक हाये," पुंजाराम म्हणाला. "त्याच्या पोटातून पाणी बी एकच खेळतं."

"मंग तोटी बंद कर. न्हाई तर हँडल ठेव आन् घरी जाय."

पुंजारामने तोटीला बूच मारलं. घरी खाणारी पाच तोंडं होती. पण त्या रात्री त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोकडे बघवेना. पहाटे केशरबाईने गार पाणी अंगावर घेतलं आणि एवढंच म्हणाली, "चला, कुत्र्यायचं तरी भलं झालं."

चौथ्या दिवशी द्वारकाबाई सुनेच्या डोक्यावर दळण देऊन ऐटीत आल्या. बूच मारलेल्या तोटीकडे त्यांनी समाधानाने पाहिलं. त्यांच्या आधी बौद्ध वस्तीतल्या कांताबाईची ज्वारी दळून झाली होती. पुंजारामने म्हातारीचा डबा वरच्या पेटीत ओतला. बोलायचं असं त्याने काही ठरवलं नव्हतं, पण चार दिवस तोंड मिटून त्याचा जीव गुदमरला होता.

"माय, आधीच्या दळणाचं मूठभर पीठ दगडात राह्यतं आन् ते मागच्याच्या डब्यात पडतं, हे तुमाला ठावं हाये ना?"

"मला शिकवतो का? म्हनून तर उपासाचं मी सकाळी पैलं दळून नेते."

"आत्ता तुमच्या आधी कांताबाई होती."

पट्टा फटफटत राहिला. पुंजारामचा आवाज खाली आला. "सहा साल झाले गिरणीला, माय. तुमच्या भाकरीत वस्तीतल्या कितीतरी मुठी गेल्या असतील. काय झालं का तुमाला?"

द्वारकाबाईंनी अर्धवट दळलेला डबा सुनेला उचलायला लावला आणि त्या चालत्या झाल्या. पुंजारामने हँडल पुसून कोनाड्यात ठेवलं. उद्या ते दुसऱ्याच्या हातात जाणार, अशी त्याची खात्री झाली होती.

पण निरोप काही आला नाही. आलं ते जातं. आबारावांच्या घरात माळ्यावरचं जातं खाली उतरलं आणि पहाटेपासून घरघरू लागलं. चौदा माणसं जेवणारी, त्यात गडी वेगळे. दोन्ही सुना भाकरी थापता थापता पेंगू लागल्या. तिसऱ्या दिवशी थोरल्या साळूबाईचं मनगट सुजलं, निदान ती तसं म्हणाली. मग द्वारकाबाई स्वतः खुंट्याला बसल्या. आम्ही काय दळलं नव्हतं का, म्हणाल्या. दोन शेर होईतो भर थंडीत चोळी घामाने भिजली, आणि एरवी दीड भाकरीवर उठणारी म्हातारी तीन भाकरी खाऊन बसली. दुर्गाबाईने आडावर सगळ्यांना सांगितलं, की सासूबाई जेवढं दळतात तेवढं त्यांनाच लागतं. ही बातमी गिरणीवर यायला घटकाही लागली नाही, आणि कितीतरी दिवसांनी पुंजाराम पोट धरून हसला.

पाचव्या सकाळी द्वारकाबाई लंगडत आल्या. डबा दुर्गाबाईच्या डोक्यावर, पण पाण्याने भरलेली घागर त्यांच्या स्वतःच्या कमरेवर. बायका वळून बघू लागल्या.

"ही तोटी कव्हा उघडणार?" त्यांनी विचारलं.

"मालकाला इचारून."

"मालक माझ्या पोटचा हाये. उघड."

बूच घट्ट बसलं होतं; निघता निघेना. शेवटी निघालं, आणि वाफाळतं पाणी धो-धो आलं. दुर्गाबाई सवयीने सासूची घागर पुढे सरकवायला गेली, तर म्हातारीने तिला दटावलं. नंबर केशरचा होता. केशरबाईने नवऱ्याला मदत म्हणून आणलेली गार घागर टाकीत ओतली, गरम भरून घेतली. मग द्वारकाबाईंनी आपली घागर त्याच टाकीत रिकामी केली.

गरम घागर भरली, पण ती उचलायला गुडघे तयार नव्हते. दुर्गाबाई आत दळणाशी होती. म्हातारीने इकडे तिकडे पाहिलं.

"केशर, हात दे जरा. डोक्यावर दे माझ्या."

केशरबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, आणि दोघींनी मिळून घागर उचलली. चुंबळीवर ठेवताना पाणी हिंदकळलं आणि दोघींच्या खांद्यांवर सांडलं.

द्वारकाबाई एका दिवसात बदलल्या असं कुणी समजू नये. घरातल्या माठाला त्यांनी पुढे कितीतरी वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. पण गिरणीवरची रांग पुन्हा कधी मोडली नाही. त्या सकाळी पुंजारामचे डोळे भरून आले, तेव्हा धुराचं निमित्त करून तो मागे गेला. चरातलं पाणी ओसरत होतं, आणि कुत्री एकेक करून उठून चालली होती.