बारकीचं एक खोटं

माझी भाची बारकी बावीस वर्षांची आहे. दारातून आत येताना तिला वाकावं लागतं आणि गवताचा भारा ती एका हातानं उचलते. तरी ती बारकीच. आमच्या घरात एकदा पडलेलं नाव म्हातारपणापर्यंत सुटत नाही.

त्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ गवताच्या माळ्यावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. वहिनीला जाऊन पाच वर्षं झालेली. डोंगरावरच्या त्या घरात बापलेक दोघंच, गोठ्यात अकरा गाई, आणि सगळ्यात जवळचा शेजारी दीड तासाच्या चालीवर. म्हणून मी दोन महिन्यांसाठी गेले. मी शहरात शिवणकाम करते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते, आणि कुणी मदतीला बोलावलं की लगेच निघते. मदत होते की नाही, हा वेगळा प्रश्न.

पोचल्या पोचल्या दादानं पलंगावरून हुकूम सोडला. "स्वयंपाकघर तुझं. गोठ्यात लुडबुड करायची नाही. एक जरी गोंधळ घातलास, तर पहिल्या गाडीनं परत."

त्याचा राग कायम नाकावर असतो, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. दुसरी गोष्ट मात्र घ्यावीच लागली. घरापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ हटला, की गुरांचा व्यापारी येणार होता आणि अकराही गाई जाणार होत्या. बारकीनं शहरात नोकरी बघायची, असं दादानं परस्पर ठरवलं होतं.

"मी सांभाळीन म्हटलंय ना, बाबा," बारकी म्हणाली.

"बघू, हिवाळा कसा काढतेस ते."

आमच्या दादाचं 'बघू' म्हणजे नाहीच. पण पोरीनं त्या एका शब्दाला घट्ट धरलं आणि राबायला लागली. पहाटे उठून चूल पेटवायची, बापाचं सगळं करायचं, मग कंदील घेऊन गोठ्यात. धारा काढायच्या आधी ती दोन्ही हात काखेत धरून ऊब आणायची, कारण गार हात लावला की गाय लाथ मारते. मग शेण, गवत, दुधाचे कॅन खालच्या रस्त्यापर्यंत नेणं, परत येणं, लाकडं फोडणं. जेवायला बसली की निम्मी झोपलेली. पण मी भांडी घासायला लागले, की हिचे डोळे टक्क उघडे.

"आत्या, तुझ्या वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

"एक कंपाउंडर. रात्री बूट आपटतो."

"मग तू काय करतेस?"

"झाडूच्या दांड्यानं छत ठोकते."

"आणि तो?"

उत्तराच्या आधीच ती पोट धरून हसायची. तो कंपाउंडर मी तिला निदान वीस वेळा सांगितला असेल. कोटाच्या बाह्या तीनदा उसवायला लावणारी गिऱ्हाईक बाई तर तिला तोंडपाठ होती. गोठ्यातून बारकीचा आवाज येई, तेव्हा ती हेच गाईंना सांगत असायची. मला वाटलं, पोरीला शहराची ओढ आहे, दादाचंच बरोबर. मी स्वतःला फार शहाणी समजते, ही माझी जुनी खोड.

आता नळाचं सांगते. डोंगरातल्या झऱ्यापासून गोठ्यातल्या टाकीपर्यंत एक प्लास्टिकचा पाइप येतो आणि त्याच्या टोकाला नळ आहे. एका संध्याकाळी मी बारकीला हाक मारायला गोठ्यात डोकावले. ती नव्हती. नळातून मात्र बारीक धार चालू होती. माझ्याकडे शहरात पाणी तासभर येतं आणि गळता नळ बघितला की माझ्या जिवाचं पाणी होतं. मी नळ बंद केला, चांगला पिळून बंद केला, आणि पुण्य पदरात पडल्यासारखी परत आले.

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. वाहतं पाणी गोठत नाही, म्हणून हिवाळाभर ती धार मुद्दाम सोडलेली असते, हे मला सकाळी कळलं. पाइपात पाणी गोठलं, फुगलं आणि पाइप तीन ठिकाणी फाटला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

बारकी आत आली, तेव्हा मी दादाला चहा देत होते. "पाइप फाटलाय, नळ बंद होता," म्हणत तिनं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं असणार, कारण मला चेहरा लपवता येत नाही.

"बाबा," ती म्हणाली. "काल माझ्याकडून चुकून नळ बंद झाला."

दादानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "झालं तर मग. व्यापाऱ्याला मी आजच कळवतो."

मी तिथे किटली घेऊन उभी होते. एरवी माझ्या जिभेला हाड नाही. त्या क्षणी मात्र दातखीळ बसली. दोन शब्द बोलायचे होते, ते मी बोलले नाही. याची लाज मला आजही वाटते.

पुढचे चार दिवस आम्ही पाणी वाहिलं. खालच्या ओढ्यावर कुऱ्हाडीनं बर्फ फोडायचा, बादल्या भरायच्या, कावड खांद्यावर घ्यायची आणि चढ चढायचा. तिच्याकडे कावड, माझ्याकडे एक बादली, तीही वर पोचेपर्यंत निम्मी. अकरा गाई म्हणजे अकरा विहिरी, कितीही ओता. मधल्या वेळात बारकी पाइपाचं फाटलेलं तोंड कापायची, टोक उकळत्या पाण्यात धरून मऊ करायची आणि जोड बसवायची. एक जोड बसला, की पुढची चीर कळायची. दादा खिडकीतून ओरडून सूचना द्यायचा. ती "हो बाबा" म्हणून तिला हवं तेच करायची.

तिसऱ्या दिवशी चढावर मी बादली खाली ठेवली.

"बारके, तू खोटं का बोललीस? तुझ्या गाई जातायत."

तिनं कावड उतरवली नाही. तशीच उभी राहिली.

"बाबांनी तुला परत पाठवलं असतं."

"मग पाठवू दे की! मी काय इथली मालकीण आहे?"

"गाई तर बहुतेक जाणारच होत्या, आत्या. म्हटलं, निदान तू तरी महिनाभर राहशील." मग ती हळूच म्हणाली, "तू यायच्या आधी बाबा आणि मी दिवसाला दहा वाक्यं बोलायचो. मी मोजली होती एकदा."

आणि ती चालायला लागली. मी तिच्या मागून रडत चढले. थंडीत गालांवर आसवं किती झोंबतात, ते मला पहिल्यांदा कळलं.

वर पोचले ती सरळ दादाच्या खोलीत गेले. बर्फानं माखलेल्या बुटांसकट.

"नळ मी बंद केला. तिनं नाही."

दादा तडकून उठायला गेला आणि पायामुळे परत पडला. "तू? मग ती माझ्याशी खोटं बोलली?"

"हो. मी परत जाऊ नये म्हणून."

त्याला वाटलं मी काहीतरी सारवासारव करतेय. मग मी त्याला चढावरचं सगळं सांगितलं, दहा वाक्यांसकट. त्याचा राग कुठे गेला, कळलं नाही. तो खिडकीकडे बघत बसला.

"तिची आई इथे दिवसभर रेडिओ चालू ठेवायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला गाण्यांची आवड आहे. शेवटच्या आजारात म्हणाली, गाणी नव्हती ऐकत हो, माणसाचा आवाज लागायचा." त्यानं पांघरुणाची सुरकुती ओढून सरळ केली. "कामाला बारकी मला भारी आहे, ते काय मला दिसत नाही? पण मी आज आहे, उद्या नाही. त्या पोरीनंही एकटीनं रेडिओ ऐकत म्हातारं व्हायचं? म्हणून विकतोय."

एवढं लांब तो आयुष्यात माझ्याशी बोलला नव्हता. मी पलंगाच्या काठावर बसले. माझी खोली डोळ्यांसमोर आली, झाडूचा दांडा आला. तो कंपाउंडर बूट आपटत नाही त्या रात्री मला झोप लागत नाही, हे मी बारकीला वीस वेळांत एकदाही सांगितलं नव्हतं.

"दादा, शिवणयंत्र इथेही चालतं."

"काय?"

"पायानं चालवायचं आहे. वीज गेली तरी चालतं. गिऱ्हाईकं खालच्या गावातही कपडे घालतच असतील."

"तुला जमेल? इथे?"

"तुझी चिडचिड सोडली तर इथे त्रास कसला आहे?"

"व्यापाऱ्याला काय सांगू?"

"सांग, बहीण राहायला आलीय."

बारकीला सांगायला मी गोठ्यात गेले. ती धार काढत होती, कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं. मी सगळं सांगितलं: गाई जात नाहीत, मीही जात नाही. तिचे खांदे हलत होते, पण हात थांबले नव्हते, बादलीत धार पडतच होती. मी थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग दुसरं स्टूल ओढलं, पलीकडच्या गाईपाशी बसले आणि दोन्ही हात काखेत धरले.

"पुरेसे गरम झाले की सांग," मी म्हणाले. "मग काय करायचं तेही सांग."