म्हशीच्या जागेवर म्हैस

आमच्या गल्लीच्या तोंडाला विजेच्या डीपीशेजारी एक मोकळा कोपरा आहे. रोज संध्याकाळी तिथे दोन म्हशी येऊन उभ्या राहायच्या. म्हशींचे मालक, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणते, उकिडवे बसून धार काढायचे आणि लोक घरून आणलेले स्टीलचे पेले पुढे करायचे. तालमीतून आलेली पोरं, फुटबॉलचा सराव करून आलेली पोरं, आणि ज्यांचा तालमीशी किंवा फुटबॉलशी काही संबंध उरलेला नाही असे माझ्यासारखे लोक, सगळे उभ्याउभ्या दूध पीत. मिशीला फेस लागला की समोरचा सांगायचा. ज्यांना मिशा नव्हत्या त्यांनाही सांगायचा.

मामा पूर्वी मोटारसायकलवरून येत आणि म्हशी मागून पळत येत. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून, शिंगं रंगवून गाडीमागे पळवतात, त्याची ही वर्षभर चाललेली तालीम म्हणता येईल. मामांनी गाडीला एक हॉर्न बसवला होता. त्याचा आवाज नुकतीच वाईट बातमी कळलेल्या ट्रकसारखा होता. तो वाजला की म्हशी जिथे असतील तिथून निघत. नदीवर असोत, गोठ्यात असोत, कुणाच्या लग्नाच्या मांडवाजवळ असोत. पुढे गाडीचं इंजिन बसलं, मामांनी ती गल्लीतल्या भंगारवाल्या चाचांना दिली आणि स्वतः म्हशींपुढे चालत येऊ लागले. म्हशींना हे पटलं नसावं. त्या रेंगाळत, दर चार पावलांवर मागे वळून बघत. गाडी मागून येत असेल असं त्यांना वाटत असणार.

अशात शहर सुंदर करायचं ठरलं. शहर कोण सुंदर करतं हे मला कधीच नीट कळलेलं नाही, पण ठरतं एवढं खरं. आमच्या प्रभागाच्या वाट्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ आलं. म्हणजे गल्लीतलं भंगार गोळा करून त्यातून शिल्प उभं करायचं. कशाचं, यावर तालमीत बैठक झाली. पैलवान नको, पैलवान शहरात भरपूर आहेत, खरेही आणि सिमेंटचेही. शेवटी तालमीचे अध्यक्ष उठले. ते भावी नगरसेवक आहेत. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून भावीच आहेत.

“म्हस,” ते म्हणाले. “आपल्या गल्लीचं दूध सगळ्या पेठंत गाजलंय. भंगाराची म्हस करूया. लोक लांबनं फोटो काढाय येतील.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

शिल्प करायला कला महाविद्यालयातून एक मुलगी आली. ती कमी बोलायची आणि वेल्डिंगचा चष्मा डोक्यावर ठेवून गल्लीभर हिंडायची. तिने भंगार मागितलं आणि आठवडाभरात गल्लीला चढाओढीचं वेड लागलं. सुरुवातीला लोकांनी खरोखरीचं भंगार दिलं. मोडक्या सायकली, गंजलेल्या बादल्या, वॉशिंग मशीनचा ड्रम. मग बातमी फुटली की समोरच्यांच्या कुकरचं झाकण म्हशीच्या गुडघ्याला लागलंय. त्यानंतर माणसं चांगल्या वस्तू आणून द्यायला लागली. एकाने छताचा चालू पंखा उतरवला, कारण शेजाऱ्याच्या पंख्याची पाती म्हशीच्या कानाला लागली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी इस्त्री दिली आणि ती डोळ्यातच बसली पाहिजे अशी अट घातली.

“त्या मशनीच्या ड्रमचं काय कौतुक,” काकू मला जिन्यात थांबवून म्हणाल्या. “पोटातलं कुणाला दिसतंय? डोळा सगळ्यांना दिसतो.”

पुढचे काही दिवस त्या कपडे बाहेरून इस्त्री करून आणत होत्या.

मामांची गाडी मात्र चाचांनी अजून कापली नव्हती. गोदामाच्या दाराशी ती तशीच उभी होती. मामा रोज जाता-येता तिच्याकडे बघत आणि चाचा मामांकडे बघत, त्यामुळे कापायचा दिवस उगवत नव्हता. शिल्पाचं कळल्यावर चाचा म्हणाले, “मामा, हिला कापाय माझा हात उचलंना बग. म्हशीत घालूया. निदान डोळ्यापुढं तरी ऱ्हाईल.”

“घाल की,” मामा म्हणाले. “म्हशीसाठनंच घेतलीती.”

गाडी दोघांनी मिळून ढकलत आणली. त्या मुलीने तिचा सांगाडा म्हशीच्या बरगड्यांना वापरला आणि बाजूचं झाकण, बॅटरीचा कप्पा, हॉर्न सगळं जागच्या जागी ठेवलं. ते तसंच शोभतं, असं तिचं म्हणणं पडलं. अध्यक्षांनी बघितलं आणि विचारलं, “हॉर्न वाजतोय का?”

“हे शिल्प आहे,” ती म्हणाली. “शांत असावं असं वाटतंय मला.”

अध्यक्षांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. आमच्या गावात आवाज न करणारी वस्तू लोक बंद पडलीय असं समजतात. “ताई, कोल्हापुरात हॉर्न लावायचा आनि वाजवायचा न्हाय? लोक मला काय म्हणतील?” त्यांनी स्वखर्चाने नवी बॅटरी आणली आणि म्हशीच्या कपाळावर एक लाल बटण बसवून घेतलं. खाली पाटी लावली: ‘दाबा’.

इथवर सगळे आनंदात होते. शिल्प बागेत बसणार असं प्रत्येकाने मनाशी धरलं होतं. पण बागेत संगीत कारंजं व्हायचं असल्याचं निघालं आणि प्रभागाचे अभियंता साहेब टेप घेऊन दुसरी जागा शोधायला आले. सकाळी अकराच्या सुमाराला आले. डीपीशेजारचा कोपरा त्यांनी मोजला आणि नकाशावर लिहिलं, ‘मोकळी जागा’. सकाळी अकराच्या सुमाराला ती खरोखरच मोकळी असते.

संध्याकाळी मामा म्हशी घेऊन आले तर तिथे चुन्याची चौकट आखलेली होती. म्हशी चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः संध्याकाळी आले. मी पेला घेऊन शेजारीच होतो.

“तुम्हाला पर्यायी जागा दिली आहे,” साहेब म्हणाले. “बागेच्या मागे, नाल्याकडेच्या भिंतीला.”

“तितं कोन येनार?” मामांनी विचारलं.

“इथे शिल्प बसतंय. परंपरेचा सन्मान आहे हा.”

“कशाची परंपरा?”

“या जागी म्हशी उभ्या राहण्याची.”

मामांनी धार थांबवली. “म्हंजे म्हस उभी ऱ्हाते म्हनून म्हशीचा पुतळा, आनि पुतळा हाय म्हनून म्हस न्हाय?”

“तुम्ही गैरसमज करून घेताय.”

“सायेब, हिच्याच गळ्यात हार घाला की. लई स्वस्तात हुईल सन्मान.”

साहेबांनी म्हशीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती आणि तिच्याकडून काही लेखी मिळण्याची शक्यता नव्हती. अध्यक्षांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सर, मामांचं मला कळतंय. पन विकास म्हटला की एकाला तरी सरकावं लागतंय.” एक प्रत्येक वेळी कोण असतो, हे मी विचारायच्या आत ते मांडववाल्याशी बोलायला गेले.

भिंतीमागची जागा वाईट होती असं नाही. ती फक्त कुणाच्या वाटेवर नव्हती. तालमीतली पोरं दोन-चार दिवस गेली. मीही गेलो. मग एकदा पाऊस होता, मग घरी पाहुणे होते, मग फ्रिजमध्ये पिशवी होतीच. म्हशींनाही तिथे पान्हा फुटेना. गल्लीचा गोंगाट, डीपीची गुणगुण, लोकांची टवाळी यांतच त्यांना दूध द्यायची सवय होती. शिल्पाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मामा भेटले ते सरळच म्हणाले.

“उद्या उचगावचा व्यापारी येतोय. दोनीबी इकतो आनि मोकळा हुतो.”

“मग करणार काय?”

“कारंजं बगत बसतो की.”

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे उशिरा आले. आमच्याकडे पाहुणा किती मोठा हे त्याच्या उशिरावरून मोजतात. हे बऱ्यापैकी मोठे निघाले. मांडव घातला होता, खुर्च्यांना पांढरे कपडे चढवले होते आणि भंगाराची म्हैस शालीखाली झाकलेली होती. शाल तिला पुरेना म्हणून मागून चादर जोडली होती. ती मुलगी शेवटच्या रांगेत बसून नखं कुरतडत होती. भाषणं झाली. दूध हा शहराचा प्राण असल्याचं, म्हैस ही आपली अस्मिता असल्याचं आणि टाकाऊ असं काही नसतंच, फक्त दृष्टी लागते, असं आम्हाला सांगण्यात आलं. भिंतीमागे त्याच वेळी मामा व्यापाऱ्याला म्हशींचे दात दाखवत होते.

मग शाल निघाली, टाळ्या झाल्या आणि पाहुण्यांनी लाल बटण दाबलं.

हॉर्न वाजला. पाहुणे दचकून एक पाऊल मागे आले. अध्यक्षांचा चेहरा मात्र उजळला आणि त्यांनी खुणेने सांगितलं, अजून एकदा. पाहुण्यांनी जरा दमाने, लांब दाबलं.

पहिल्यांदा बागेच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. मग मांडवाची कनात हलली आणि दोन्ही म्हशी आत आल्या, एकीच्या गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं. लोक खुर्च्यांवर चढले. म्हशींनी कुणाकडेही पाहिलं नाही. मधल्या वाटेने, आमंत्रण असल्यासारख्या, त्या थेट व्यासपीठाजवळ आल्या. शिल्प आणि डीपी यांच्यामध्ये, जिथे त्या कायम उभ्या राहात, तिथे आता माईक होता. त्यांनी माईक बाजूला केला आणि उभ्या राहिल्या. मोठीने लोखंडी बरगड्यांना नाक लावून हुंगलं आणि सुस्कारा सोडला. तो खाली पडलेल्या माईकमधून सगळ्या पेठेला ऐकू गेला.

मागोमाग मामा धावत आले, त्यांच्यामागे व्यापारी.

“कुणी वाजिवला?” मामा ओरडले. “माझा हॉर्न कुणी वाजिवला?”

प्रमुख पाहुण्यांनी हात मागे लपवला.

अभियंता साहेब पांढरे पडले होते. पण अध्यक्ष उगाच भावी नाहीत. त्यांनी माईक उचलला, झटकला आणि म्हणाले, “मंडळी, बसून घ्या. कार्यक्रम पत्रिकेत नसलेला खास कार्यक्रम! पुतळ्यासमोर प्रत्यक्ष धार! मामा, बसा की ओ. लोक खोळंबल्यात.”

मामांनी भोवती पाहिलं. मोठीचे सड टरटरून भरले होते, खाली थेंब गळत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. ते उकिडवे बसले. भांडं नव्हतं, तर चाचा सत्काराच्या टेबलावरचा तांब्या नारळासकट उचलून आले आणि नारळ त्यांनी साहेबांच्या हातात दिला. पहिला पेला पाहुण्यांना मिळाला. काकूंनी खिडकीतून ओरडून त्यांना मिशीला फेस लागल्याचं सांगितलं.

व्यापारी हे सगळं बघत होता. त्यालाही पेला मिळाला. तो पिऊन झाल्यावर मामा म्हणाले, “पावणं, बोला. न्यायच्या न्हवं?”

“नेतो की,” तो म्हणाला, “पन ह्यो हॉर्न संगं द्यावा लागंल. आनि त्यो काय सुटायचा न्हाय पुतळ्यातनं.” आणि दुसरा पेला मागून घेऊन तो उचगावला निघून गेला.

सकाळी फोटो छापून आला. शिल्प आणि म्हशी, मधे पांढऱ्या मिशीचे पाहुणे. ते मूळचे सफाचट होते. कार्यालयात ही संकल्पना साहेबांचीच असल्याचं धरलं गेलं आणि त्यांनीही ते नाकारण्याचं कारण नव्हतं. थोड्याच दिवसांत मामांना रीतसर कळवण्यात आलं की त्यांच्या म्हशी आता शिल्पाचा जिवंत भाग असून त्यांनी रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यावर उभं राहणं अपेक्षित आहे. विनापरवानगी गैरहजर राहू नये. शेण उचलायला सफाईची गाडीही यायला लागली, कारण आता ते शिल्पाभोवतीचं शेण होतं.

जागा मिळाली, पण एक घोळ राहिला. बटण सगळ्यांसाठी होतं. फोटो काढायला येणारे लोक भरदुपारी बटण दाबत आणि म्हशी दावं तोडून हजर होत. मामा जेवण टाकून मागे धावत. एकदा जोतिबाहून परतणारी एक जीप थांबली, आतल्या मंडळींनी हौसेने चार वेळा दाबलं आणि मोठी म्हैस त्या जीपमागे बिंदू चौकापर्यंत गेली. बटण काढा, असं मामांनी अध्यक्षांना सांगून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, बटणामुळं तर नाव झालंय. साहेब म्हणाले, मंजूर आराखड्यात बटण आहे.

मग एका सकाळी हॉर्न बंद पडला. साहेबांनी येऊन पाहिलं तर कप्प्यात बॅटरी नव्हती. झाकण मात्र नीट लागलेलं, कुलूप शाबूत. पंचनामा झाला. चोर अतिशय कसबी असल्याचं त्यात नोंदवलं गेलं आणि तो अजून सापडलेला नाही.

तो रोज संध्याकाळी नायलॉनच्या पिशवीत बॅटरी घेऊन गल्लीतून चालत येतो. म्हशी सोबत नसतात. करगोट्याला अडकवलेली मोटारसायकलची जुनी किल्ली काढून तो बरगडीचं झाकण उघडतो, बॅटरी बसवतो, तारा जोडतो. आम्ही पेले घेऊन उभे असतो, कधी साहेबही असतात. त्यांना साखर घालून लागतं. मामा एकदा आमच्याकडे, एकदा गोठ्याच्या दिशेने बघतात आणि म्हशीच्या कपाळावर अंगठा ठेवून लांबलचक दाबतात.