गळतीची राखण

माझा मुलगा फोनवर बोलत नाही. मुका नाही हो, चांगला पुण्यात नोकरीला आहे, पण फोन केला की "हो", "नाही", "जेवलो", "ठेवू का?" एवढ्यात कारभार आटोपतो. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या वाट्याला तर तेवढंही येत नसे. आबा फोन तोंडासमोर धरून पिंपळनेरला ऐकू जाईल अशा आवाजात "कसा शे रे?" विचारणार, तो "बरा आहे" म्हणणार, की लगेच फोन माझ्या हातात. शेतकरी माणूस. फोन निरोपासाठी असतो, गप्पांसाठी नाही, हे त्यांचं ठाम मत.

हाच मुलगा गेम खेळताना मात्र थांबता थांबत नाही. पुण्याला जाताना तो आपला गेमिंगचा मोठा कॉम्प्युटर इथे धुळ्यालाच ठेवून गेला. "मम्मी, धूळ बसू देऊ नको," एवढं सांगून गेला. धूळ पुसता पुसता मी एकदा बटण दाबलं आणि त्याच्याकडूनच ट्रक चालवायचा गेम शिकून घेतला. मी ब्लाउज शिवते. अर्धं आयुष्य पायाखाली मशीनचं पेडल आहे, ट्रक म्हणजे काय मोठं? जेवणं झाली की तो तिकडून लॅपटॉपवर, मी इकडून माझ्या शिवणाच्या खोलीतून. त्याचा ट्रक पुढे, माझा मागे. मी कानाला हेडफोन लावायची आणि तो बोलायचा. साहेब किती खडूस आहे, मेसची भाजी कशी पिवळ्या पाण्यात पोहते, सोबतचा पोरगा कसा घोरतो. त्या बोलण्यात एक मुलगीही अधूनमधून डोकावायची, पण तिचं नाव काही तो सांगायचा नाही. मीही विचारायची नाही, ट्रक सरळ चालवायची. आईला कळतं कुठे ब्रेक मारायचा.

आणि एप्रिल आला. धुळ्याचा एप्रिल. माझ्या खोलीची भिंत पश्चिमेची, ती रात्रीसुद्धा तव्यासारखी तापलेली. कॉम्प्युटर पंधरा-वीस मिनिटं घरघरायचा आणि फट्‌कन बंद. तोही नेमका कधी? "मम्मी, ती काल म्हणाली..." की बंद! परत चालू करेपर्यंत पोराचा मूड गेलेला. काय म्हणाली ती, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

मग मी व्हिडिओ बघायला लागले. त्यात एकाने वॉटर कूलिंग दाखवलं होतं. कॉम्प्युटरमध्ये छोटा पंप, छोटी टाकी, पारदर्शक पाइप. पाणी तापलेल्या चिपवरून जातं, उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये पंख्यांच्या वाऱ्याने निवतं आणि पुन्हा फेरीला निघतं. सगळे भाग सुटे आणायचे, पाइप आपल्या मापाने कापायचा. मी बघतच राहिले. मुलगा म्हणाला, "मम्मी, आधी आतली धूळ काढ. नाहीच भागलं तर रेडीमेड मिळतं." रेडीमेड! आमच्या भागातल्या, अर्ध्या देवपुराला मी मापाचं शिवून घालते आणि माझ्याच घरात रेडीमेड?

दुसऱ्या दिवशी मशीन बाजूला सारून मी फरशीवर रांगोळीने अख्खा प्लॅन काढला, खऱ्या मापाचा. इथे टाकी, इथे पंप, इथे रेडिएटर. मेजर टेपने पाइप मोजला, वर शिवणीत सोडतात तशी दोन इंच माया सोडली. शेजारच्या अक्का पिको करायला साडी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "कोणतं व्रत गं हे?"

"गार राहायचं," म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि रांगोळीला वळसा घालून आत आल्या.

पंप हा शब्द आबांच्या कानी गेला आणि माझी शांतता संपली. एरवी आबा आपल्या खोलीतून बाहेर पडत नसत. घरातला एकुलता कूलर त्यांच्या खोलीत आणि आवाजाचं त्यांना भारी वावडं. दुपारी मिक्सर लावायचा नाही, टीव्ही मोठा करायचा नाही. तेच आबा काठी टेकत रांगोळीपाशी येऊन उभे राहिले.

"हाई काय शे? पंप कितला एच.पी.ना?"

"आबा, तळहाताएवढा पंप आहे."

"पानी कोठलं? बोरनं?"

मी सांगितलं की डिस्टिल्ड वॉटर लागतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते. आबांनी मान हलवली. "त्या पानीमा जीव नई," म्हणाले. बोरच्या पाण्यातल्या क्षाराने चार महिन्यांत सगळे पाइप बुजतील हे मी त्यांना समजावलं, पण त्या पाण्याबद्दलचं त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आबांची तपासणी. मी कॉम्प्युटर माझ्या खोलीच्या खिडकीपाशी दाखवला, तर आबांनी तिथल्या तापलेल्या भिंतीला तळवा लावून दाखवला. बरोबरच होतं. मुलगाही म्हणाला होता, पाणी काही जादू करत नाही, खोलीतली हवा गार असेल तेवढंच ते निवणार. मग मला वाटलं, दुसरा कूलर आणून शिवणाच्या खोलीत लावावा. आबा म्हणाले, गिऱ्हाइकाचं कापड दमट होईल. हेही बरोबर. मग मी सगळं बैठकीत नेलं, कागदावर हो. तर म्हणे देव्हारा तिथे, आला-गेला तिथे, पाइपाला पाय लागेल. हे मात्र काहीच्या बाही होतं. आमच्याकडे येतं कोण? अक्का. त्या तर नमस्कार करून वळसा घालून जातात.

शेवटी मी माझा हुकमी डाव काढला. कॉम्प्युटर माझ्याच खोलीत ठेवायचा, मधल्या भिंतीला भोक पाडून पाइप आबांच्या खोलीत न्यायचे आणि रेडिएटर तिकडच्या कूलरच्या वाऱ्यात टांगायचा. मी स्वतःवर इतकी खूश झाले की मुलाला लगेच प्लॅनचा फोटो पाठवला. त्याचा खो खो हसत व्हॉइस मेसेज आला. "मम्मी, ती गरम हवा कुठे जाणार? तू आबांच्या उशाशी हीटर लावतेयस!"

कप्पाळ माझं. मी इकडे फणफणत रांगोळी पुसत होते आणि आबा दारात उभे. "भिंत फोडानी नई," एवढंच बोलले आणि गेले.

माझी चिडचिड झाली होती, खोटं कशाला बोलू. कॉम्प्युटर बंद, म्हणजे पोराचं तोंड बंद. पुन्हा आपलं "हो", "नाही", "जेवलो" सुरू झालेलं. त्या रात्री मी यांना म्हटलं, आता एकच जागा राहिली, आबांची खोली. कॉम्प्युटरचा अख्खा डबाच तिथे न्यायचा, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, म्हणजे कूलरचा वारा त्यावरून जाईल आणि गरम हवा खिडकीतून बाहेर. हे म्हणाले, "विचारून बघ. पण आबा आणि आवाज? मी काही मध्ये पडणार नाही." यांचं आयुष्य मध्ये न पडण्यात गेलंय.

सकाळी चहा घेऊन गेले. कसं बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. आधी गुडघ्याची चौकशी, मग हळूच विषय. दार लोटलं आणि बघते तर काय! खिडकीजवळचा कोपरा रिकामा. ज्या पत्र्याच्या पेटीला आबा कुणाला हात लावू देत नव्हते, ती पेटी गॅलरीत गेलेली. भिंतीवर नवंकोरं सॉकेट. परवा वायरमन येऊन गेला तो कूलरचा बोर्ड बघायला, असं मला सांगितलं होतं. कोपऱ्यात टेबल लावलेलं आणि टेबलापुढे खुर्च्या. एक नाही, दोन.

"आबा, हे कधी केलं?"

"जागा तं लागी ना," आबा चहा बशीत ओतत म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, कानाशी हेडफोनसारखा हात नेत म्हणाले, "आनि ते कानले लावू नको आठे. तू एकटीच बोलस, माले भेव वाटस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मला वाटत होतं प्लॅन मी करतेय. भिंत, कापड, देव्हारा, एकेक जागा बाद करत हा म्हातारा मला आपल्या खोलीकडे हाकत आणत होता. आणि "मलाही त्याचं बोलणं ऐकू दे" हे पाच शब्द काही त्याला बोलता येत नव्हते. मला हसू आलं आणि डोळेही भरले. पदराने कप पुसायचं नाटक केलं.

पुढचं सगळं सोपं होतं. म्हणजे सोपं नव्हतं, एक पाइप दोन इंच माया सोडूनही कमी पडला, ते जाऊ दे. सुटे भाग मागवून जोडले, पाणी भरलं, कॉम्प्युटर चालू न करता नुसता पंप फिरवला आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवले, कुठे ओलं होतंय का बघायला. आबा दिवसभर टॉर्च घेऊन तिथेच. एकही कागद भिजला नाही.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर आम्ही ट्रक काढले. आवाज स्पीकरवर. मुलगा बोलता बोलता थांबला. "कोण खोकलं?"

"आबा आहेत. गळती बघताहेत."

"आज काय खादं रे?" आबांनी टॉर्च पाइपावर धरून विचारलं. आणि पोराने सांगितलं की! मेस, भाजी, साहेब, सगळं पहिल्यापासून. आबा मध्येच "हां" म्हणत, मध्येच साहेबाला शिवी हासडत. मग गाडी त्या मुलीवर आली आणि तो परत मेसच्या भाजीकडे वळला.

"सांग ना नाव," आबा म्हणाले. "मी ऐकी नई ऱ्हायनू. मी गळती देखी ऱ्हायनू."

तो इतका हसला की त्याचा ट्रक कठड्याला घासला. आणि त्याने नाव सांगितलं. जे मला वर्षभरात सांगितलं नव्हतं ते, आबांना पहिल्याच दिवशी!

तेव्हापासून रोज तेच. मुलगा विचारतो, "आबा, गळतंय का?" आणि आबा म्हणतात, "नई, पन ध्यान ठेवनं पडस." टॉर्चमधले सेल कधीच संपलेत. नवे आणायला ते सांगत नाहीत, मीही आणत नाही.

डिसेंबरात थंडी पडली, कूलर झाकून ठेवला. मला शिवण टाकून त्या खोलीत जायचा कंटाळा येऊ लागला होता, म्हणून म्हटलं, "आबा, आता गारवा आहे. कॉम्प्युटर माझ्या खोलीत नेऊ का परत? तुम्हालाही लवकर झोपता येईल."

आबांनी टेबलावर हात ठेवला. "आते हालावू नको," म्हणाले. "डबा हालना का पाइप गळस."

जोड मी स्वतः आवळलेत. डबा गाडीत घालून सोनगीरला नेऊन आणला तरी थेंब पडायचा नाही.

"हो आबा," मी म्हटलं, "गळेल."