पंख्याला तेल

गेल्या खंडेनवमीला मी माझ्या वडिलांना, अप्पांना जे बोलले, ते आठवलं की अजून कान तापतात.

त्या दिवशी चार वाजता आमच्या पाच जणींच्या टीमची मॅच होती. आपापल्या घरून, आपापल्या कॉम्प्युटरवर. आधीच्या दोन मॅचमध्ये ऐन लढाईत माझा स्क्रीन अडकला होता आणि दोन्ही आम्ही हरलो होतो. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं, कुणीतरी वापरून विकलेलं. त्याचा एक पंखा असा किंचाळायचा की माइकवरून सगळ्यांना ऐकू जायचा. तो अडला की कार्ड तापायचं आणि सगळं गोठायचं. हुबळीतल्या दुकानदारानं हात झटकले होते, "हे संपलं, नवीन घ्या." आमची कॅप्टन तोंडावर म्हणाली होती, "पुन्हा अडकलीस तर तुझ्या जागी दुसरी बघू." दोन वर्षं घासून मिळवलेली जागा होती ती.

त्यात सकाळीच गेमचा अपडेट आला. अठ्ठेचाळीस जीबी! तो उतरल्याशिवाय गेम उघडणारच नाही. आमच्या नवनगरातल्या नेटचा वेग सेकंदाला सव्वादोन एमबी, तोही त्याची मर्जी असेल तर. सातला डाउनलोड लावलं. दहाला जेमतेम अर्धं झालं, आणि आईनं मला झेंडूसाठी दुर्गदबैलच्या बाजारात पिटाळलं. निघताना बजावून गेले, "कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही हं!"

साडेअकराला आले तर हॉलमध्ये आयुधपूजेची मांडणी. मिक्सर, शिलाई मशीन, अप्पांचे पाने-पक्कड, आणि त्यांच्या शेजारी भिंतीवरून काढलेला राऊटर, कुंकू लावून. माझ्या कॅबिनेटचं दार उघडं. कार्ड बाहेर, वर्तमानपत्रावर. स्क्रू ओळीनं मांडलेले. अप्पांच्या एका हातात मशीनच्या तेलाची बाटली, दुसऱ्या हातात सुई.

अप्पा तीस वर्षं लेथवर काम करतात. या दिवशी मशीन खोलायचं, पुसायचं, तेल द्यायचं, मग कुंकू लावायचं. हा त्यांचा नेम. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अय्यो, काय केलंत हे! तेल घालतात का ह्यात? लेथ सोडून तुम्हाला काय कळतंय?"

आई म्हणाली, "सुम्मनिर गं, सणासुदीचं."

"का गप्प बसू? माझं वाटोळं केलं ह्यांनी!"

अप्पांनी सुईच्या टोकावरचं उरलेलं तेल फडक्याला पुसलं, एकेक स्क्रू परत बसवला. आरतीआधी मशीन चालू करायचं नाही, हेही त्यांनीच पाळायला लावलं. आरती झाली, पाऊण वाजला. राऊटर भिंतीवर टांगून ते चपला घालून बाहेर गेले. जेवले नाहीत.

कॉम्प्युटर चालू झाला, हेच नशीब. डाउनलोड पुढं सरकायला लागलं. पण सुट्टीचा दिवस, सगळी गल्ली घरात. दोनला वेग निम्म्यावर आला. मी आईचा फोन बंद केला, टीव्ही बंद केला, वरच्या भाडेकरूंना आमचं नेट दिलं होतं, त्यांच्याही दारात जाऊन हात जोडले. वेग परत चढला. नव्वद टक्के. चौऱ्याण्णव. साडेतीनपासून मी पाणीसुद्धा प्यायले नाही. चारला चार मिनिटं कमी असताना गेम उघडला.

पहिला राउंड नीट गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात नेहमी पंखा किंचाळायचा, म्हणून दात आवळून बसले. काहीच नाही. पाचव्या राउंडलाही स्क्रीन एकदासुद्धा अडकला नाही. आम्ही जिंकलो, अगदी थोडक्यात.

सगळ्या ओरडत होत्या. त्यात कॅप्टन म्हणाली, "आज तुझा तो पंखा ओरडला नाही! नवीन कार्ड घेतलंस का गं?"

हेडफोन काढून बाहेर आले. अप्पा फाटकाशी स्कूटरला हार घालत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"बेअरिंग कोरडं पडलं होतं," ते म्हणाले. "महिनाभर भिंतीतनं ऐकत होतो. आता थांबला न्हवं आवाज?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.