नळीतला आरसा

धाडहून बुलढाण्याला नोकरीला जाताना सकाळच्या एसटीत ती मला रोज दिसायची. चाळिशीची, बुरखा घातलेली, मांडीवर बी.एस्सी.चं रसायनशास्त्राचं पुस्तक. खिडकीच्या धुळकट काचेवर ती बोटानं षटकोन काढायची, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची आणि उतरण्याआधी काच पुसून टाकायची.

शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी एकदा तिला विचारलं, "या वयात कॉलेज काऊन वं बाई?"

"लग्नानं कॉलेज थांबलं होतं, मावशी. मी थोडीच थांबली होती," ती शांतपणे म्हणाली.

मागच्या वर्षी ती प्रात्यक्षिकात नापास झाली होती. या वेळीही तसंच झालं तर शिक्षण बंद, असं घरी ठरलं होतं; तिनंच मावशींना सांगताना मी ऐकलं होतं. परीक्षेच्या सकाळी तिनं काचेवर काहीच काढलं नाही. नुसती पुस्तक घट्ट धरून बसली.

संध्याकाळच्या गाडीत मात्र ती हसतच चढली. बोटांवर काळे डाग होते. मी न राहवून विचारलं, "कसं झालं?"

"प्रयोगाची काचेची नळी गरम पाण्यात धरली, अन् आतून चांदीचा आरसा पडला, भाऊ. लख्ख. मले त्यात माहं तोंड दिसलं. परीक्षक म्हणाले, आता खुशाल पुढच्या वर्षाच्या तयारीले लागा."

मावशींनी आपली रिकामी टोपली बाजूला सरकवली. "बस इथं. अन् तो आरसा कसा पडते, मले नीट सांग."

धाड येईपर्यंत ती शिकवत होती. मागच्या बाकांवरचे लोकही ऐकायला पुढे वाकले होते.