बाबांच्या मुक्या सिनेमाचा शेवट

माझ्या वडिलांच्या आवडत्या सिनेमाचा शेवट मी पुसला. तोही एका बोटाने!

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून मस्कतला आणलं. सामान काय, तर एक बॅग आणि एक व्हिडिओ कॅसेट. हॉलिवूडचा अगदी जुना, मुका प्रेमपट. मध्येमध्ये पडद्यावर इंग्रजी वाक्यं उमटायची. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून बाबा ती मराठीत वाचून दाखवायचे. दर रविवारी! (आमच्याशी ते इतक्या प्रेमाने कधी बोलल्याचं मला आठवत नाही.)

मस्कतच्या विमानतळावर कॅसेटी तपासायला ठेवून घ्यायचे, आणि त्यात हा प्रेमपट! मी पडलो गल्फमध्ये मुरलेला माणूस. निघण्यापूर्वीच त्यावर इंग्रजीत लेबल चिकटवलं, 'जुनी क्रिकेट मॅच'. अधिकाऱ्याने वाचलं, हसला, म्हणाला, "यल्ला!" म्हणजे, चला, निघा! मी स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश.

बाबा रोज संध्याकाळी सिनेमा पहिल्यापासून लावत आणि शेवटाच्या जरा आधी बंद करत. "उरलेला उद्या," म्हणत. मला वाटायचं, वयामुळे दमतात.

एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, शारजात भारताची फायनल, आणि नेमकं मला ऑफिसने बोलावलं! कोरी कॅसेट सापडेना. व्हीसीआरमध्ये एक होती. घाईघाईने काढून पाहिली: 'जुनी क्रिकेट मॅच'.

"जुनी कशाला सांभाळायची?" म्हणत मी ती तशीच परत आत सरकवली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. स्वतःच्या थापेला स्वतःच फसलेला माणूस अख्ख्या ओमानात मी एकटाच असेन.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा टीव्हीसमोर बसलेले. "ये, बस. आज शेवटपर्यंत बघणार आहे."

नायिकेने पाकीट फोडलं, पत्र काढलं आणि... शारजाचं मैदान! रंगीत! फलंदाज हेल्मेट नीट करतोय!

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. "बाबा, मी आत्ता मत्रहच्या बाजारात जातो, सगळी दुकानं पालथी घालतो!"

"नको रे. त्या पत्रात नायक मेल्याची बातमी असते. तुझ्या आईला मी वाचून दाखवायचो, 'उद्याच्या बोटीने येतोय.' ती खूश होऊन चहा टाकायला उठायची. पुढचं तिने कधी पाहिलंच नाही. ती गेल्यापासून ते पत्र खरं खरं वाचायचा धीर होत नव्हता. आज झाला होता."

मला रडू आवरेना. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "अगंबाई, काय झालं यांना?"

"भारत हरला," बाबा शांतपणे म्हणाले.

मॅच आपण जिंकलो होतो. पण नवरा क्रिकेटपायी ढसाढसा रडतो, असं ती आजही माहेरी सांगते, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो!