तोडीची घाई

“माझंच हाय ते,” ज्ञानदेवतात्या म्हणाले. अजून त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

आम्ही निरवांगीच्या पुढे, त्यांच्या उसाच्या बांधावर उभे होतो. चार सऱ्या आत गेलं की मधला ऊस काढून टाकलेला, आणि त्या मोकळ्या जागेत गांजाची झाडं. पुरुषभर उंच, फुलोऱ्यावर आलेली. बाहेरून पाहिलं तर नुसता ऊस. सातबाऱ्यावरही पीक ऊसच होतं.

तेव्हा मी एपीआय, म्हणजे सहायक पोलिस निरीक्षक होते. खबर पक्की होती. खबऱ्याचं नाव सांगायचं नसतं, तेव्हा इथेही सांगणार नाही. गांजाची रेड म्हणजे गेलो आणि उपटून आणलं असं नसतं. मिळालेली खबर आधी कागदावर लिहून वरिष्ठांना कळवायची. मग राजपत्रित अधिकारी हवा, तो नायब तहसीलदारांच्या रूपाने मिळाला. दोन पंच हवेत, म्हणजे आम्ही काय जप्त केलं ते डोळ्यांनी पाहून सही करणारे त्रयस्थ लोक. आणि वजनकाटा हवा. गावातला किराणावाला म्हणाला, “काटा न्या, मला न्हेऊ नका.” त्याला समजावलं की कोर्टात काटा बोलत नाही, माणूस लागतो. तो आला, पण दिवसभर तोंड पाडून बसला.

तात्या सत्तरीच्या पुढचे. पांढरं धोतर, गुडघ्याला पट्टा. त्यांचा मुलगा संदीप बांधावरच्या बघ्यांमध्ये उभा होता. बाप “माझंच” म्हणाला तेव्हा मी मुलाकडे पाहिलं. तो चपलेने ढेकूळ फोडत होता.

“तात्या, बी कुठून आणलं?”

“बाजारातनं.”

“कुठल्या?”

तात्या गुडघ्याचा पट्टा सारखा करू लागले.

“लावलं कधी?”

“दिवाळी झाल्याव.”

दिवाळी होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. गांजा इतका गुणी असता तर लोकांनी उसाच्या नादी लागणंच सोडलं असतं. हवालदार काळे माझ्या कानाशी म्हणाले, “मॅडम, म्हाताऱ्याला झाड वळखू तरी येतंय का नाय, शंकाच हाय.”

तेवढ्यात आमच्या साहेबांचा फोन.

“मॅडम, सातबारा कुणाचा?”

“वडिलांचा, सर.”

“कबुली?”

“दिलीय.”

“मग अडलंय कुठं?”

“कबुलीतच अडलंय, सर. झाडं कधी लावली तेच त्यांना माहीत नाही. आणि पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही.”

“कायदा मला शिकवू नका. संध्याकाळपर्यंत आरोपी हवा.”

साहेब वाईट नव्हते, त्यांच्याही मागे कुणीतरी लागलेलं असायचं. पण अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन सहजासहजी होत नाही. तात्या त्या दिवशी आत गेले असते, तर बाहेर कधी आणि कसे आले असते ते सांगता येत नव्हतं. सही माझी लागणार होती.

मी तात्यांकडे पाहत राहिले. हा माणूस आपण कुठंतरी पाहिलाय असं सकाळपासून वाटत होतं. काळेंनी आठवण करून दिली. आदल्याच आठवड्यात तात्या ठाण्यात आले होते, तक्रार घेऊन. कारखान्याचा दत्तू आपली तोड डावलतो, पाळी आपली आणि टोळी दुसऱ्याच्या उसाच्या फडात घालतो, त्याच्यावर केस करा. मी त्यांना चहा पाजून कारखान्यावर पाठवलं होतं.

आता आमच्याकडची तोडीची तऱ्हा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस तयार झाला की कारखाना पाळीप्रमाणे तोडणीची टोळी पाठवतो. ती कुणाला कधी द्यायची ते स्लिपबॉय सांगतो. नावात बॉय, आमचा दत्तू पन्नाशीचा. सीझनमध्ये त्याच्या मागे एवढे लोक फिरतात की आमदाराला हेवा वाटावा. उशीर झाला की उसाचं वजन घटतं, म्हणून तोडीची घाई सगळ्यांनाच असते. मी स्वतः उसाच्या घरातली, आमच्याकडे जेवणं स्लिपबॉयच्या फोनवर अडायची.

पण ज्याच्या फडात गांजा उभा आहे, तो माणूस फडात कोयते घालायला पोलिसांकडे कशाला येईल?

मी दत्तूला फोन लावला. पंच जवळ होते, स्पीकर चालू केला.

“दत्तूभाऊ, तात्यांची तोड का डावलली?”

“म्याडम, म्या कशाला डावलू? दोनदा टोळी धाडली की. दोन्ही टायमाला त्येंच्या संदीपचाच फोन. रान ओलं हाय, ट्रॅक्टर रुतंल, फुडल्या आठवड्यात बघू म्हन्ला. आन् म्हातारा गावभर मला शिव्या घालतुया. तुमीच सांगा आता त्येंना.”

सांगायची गरज नव्हती. बांधावर सगळ्यांनी ऐकलं होतं. तात्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. झाडं पाहिल्या क्षणी त्यांना सगळं उमगलं असणार. ड्रिप आल्यापासून पाणी द्यायला उसात शिरावं लागत नाही, आणि त्यांचे गुडघे असे. शेत पोराच्या हवाली करून ते निर्धास्त होते.

“म्याडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “त्याची पोरगी दोन वर्साची हाय. माजं काय, आज हाय उद्या न्हाय. मलाच न्या.”

मला फार वाईट वाटलं. माझे वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

“तात्या, इथं बदली कामगार चालत नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला नेलं तर ज्यानं लावलं तो पुढच्या वर्षी परत लावेल.”

“न्हाय लावनार. म्या सांगतो त्याला.”

“तुमचं ऐकत असता तर आज मी इथं आले असते का?”

ते तिथंच खाली बसले. संदीप गर्दीतून पुढे आला.

“तात्या, उठा. मातीत बसू नका,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “मोटारीच्या खोलीत हाय. वाळवलेलं. दावतो.”

त्याचं बोलणं पुन्हा कबुलीच, ते कोर्टात टिकत नाही. पण त्याने पंचांसमोर सांगितलं, स्वतः चालत जाऊन जागा दाखवली आणि तिथे माल निघाला, एवढं टिकतं. आम्ही ते तसंच लिहून घेतलं. आरोपी संध्याकाळपूर्वीच मिळाला. साहेब खूश. उपटलेली झाडं आमच्या बोलेरोतून नेली, आणि पुढे आठ दिवस कपड्यांच्या वासावरून ड्रायव्हरच्या बायकोला खात्री होती की नवरा वाया गेला.

केस बारामतीला उभी राहिली. जमीन बापाच्या नावावर, पण कसत कोण होतं, हे कोर्टाला सांगणारा साक्षीदार लागतो. तो दुसरा कोण असणार? समन्स तात्यांच्या नावे निघालं.

साक्षीच्या दिवशी ते कोर्टाच्या पायरीवर बसले होते. शेजारी डबा, संदीपसाठी आणलेला. बोलावं की नाही कळेना, म्हणून मी विचारलं, “ऊस गेला का, तात्या?”

“गेला. लई उशिरा गेला, वजन घटलं.” थोडा वेळ डब्याच्या कडीशी चाळा केला. “दत्तूला घरी बोलवून जेवू घातला. उगाच शिव्या दिल्या त्याला.”

“आत काय सांगणार?”

“एकदा खोटं बोलून बघितलं, जमलं न्हाय,” ते म्हणाले. “आता खरं बोलाया जमतंय का बघतो.”

पुकारा झाला. ते आत गेले. शेत कोण कसतं, या प्रश्नावर त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “माजा मुलगा.” बाहेर येऊन त्यांनी डबा माझ्या हातात दिला. तो संदीपला द्यायला गार्डची परवानगी लागते, ती मी काढली.

ठाण्यात नवीन पोरं येतात, त्यांना मी एवढंच सांगते. उसात उभं राहून कुणी गुन्हा कबूल केला तर लगेच पेन उघडू नका. आधी चौकशी करा, तोडीची घाई कुणाला होती.